क्लायंटची 'स्टेज' ओळखली, आता तिला पुढच्या स्टेजला कसं न्यायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही चार वर्षं कोचिंग करताय, नुकताच अडल्ट डेव्हलपमेंटचा, म्हणजे मोठ्या माणसांची अर्थ लावायची पद्धत कशी वाढत जाते याचा, कोर्स केलाय. तुमची एक क्लायंट मधल्या फळीतली मॅनेजर आहे, कामाला एकदम पक्की, पण वरिष्ठांपुढे स्वतःचं मत मांडत नाही आणि हाताखालच्या लोकांना स्पष्ट फीडबॅक देत नाही. कोर्सनंतर तुम्हाला ती मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट केगन यांच्या भाषेत 'सोशलाइज्ड' स्टेजची, म्हणजे स्वतःला इतरांच्या नजरेतून बघणारी, वाटायला लागलीय. सहा सेशन्स उरलीत. आणि तुम्ही विचारताय की तिला पुढच्या 'सेल्फ-ऑथरिंग' स्टेजपर्यंत, म्हणजे स्वतःच्या मापाने ठरवण्यापर्यंत, न्यायला काय करू, तिला तिची स्टेज सांगू का, आणि एखादी टेस्ट करून घेऊ का.

मी चौदा वर्षं कोचिंग करतेय, त्यातली दहाएक वर्षं हा सिद्धांत सोबत आहे आणि सुरुवातीला मलाही अगदी अशीच घाई झाली होती, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. ही बाई स्वतःच्या अनुभवाचा अर्थ कसा लावते हा एक, आणि तिला बदलायचं कसं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सापडलं असं वाटलं की लगेच दुसऱ्यावर उडी मारावीशी वाटते आणि सगळी गडबड तिथेच होते. माझ्या मते हा सिद्धांत कोचच्या कानासाठी आहे, क्लायंट बोलत असताना तुम्हाला काय ऐकू येतं ते त्याने बदलतं. क्लायंटला उचलून वरच्या पायरीवर ठेवायला तो वापरला की उलटतो, आणि सोशलाइज्ड माणसाच्या बाबतीत तर हमखास उलटतो. का ते खाली येईलच.

आधी गाभा सांगते, कारण कोर्समध्ये स्टेजची नावं पाठ होतात आणि गाभा मागे राहतो. मानसशास्त्रज्ञ पियाजेनी लहान मुलांच्या विचारांची रचना कशी बदलत जाते यावर काम केलं, रॉबर्ट केगननी 1982 मध्ये तोच धागा मोठ्या माणसांपर्यंत आणला. वयाबरोबर माहिती वाढते, कौशल्यं वाढतात, ते वेगळं, पण अर्थ लावायची पद्धतच बदलू शकते आणि ती चाळिशी-पन्नाशीतही बदलू शकते. काही गोष्टी आपल्याला चालवतात, आपण त्यांच्या आतूनच बघतो म्हणून त्या आपल्याला दिसत नाहीत, त्यांना आपण 'सब्जेक्ट' असतो. काही गोष्टी आपण समोर ठेवून बघू शकतो, त्यांच्याबद्दल काय करायचं ते ठरवू शकतो, त्या 'ऑब्जेक्ट'. वाढ म्हणजे पहिल्या गटातली एकेक गोष्ट दुसऱ्या गटात सरकणं. बस, एवढंच.

मी स्वतः हे एका साध्या खुणेवर ऐकते. "बॉसला ते आवडलं नाही" हे एक वाक्य आणि "म्हणजे माझं चुकलं" हे दुसरं. या दोन वाक्यांच्या मध्ये जागा आहे का? काही लोकांच्या बोलण्यात ती जागाच नसते, दोन्ही वाक्यं एका श्वासात येतात, एकच वाक्य असल्यासारखी. काहींकडे आहे, "त्यांना आवडलं नाही, ते का ते मला कळतं, पण मला अजूनही तेच बरोबर वाटतं." आणि बऱ्याच जणांकडे ती जागा कधी उघडते, कधी मिटते. केगनच्या टीमची जी मोजण्याची पद्धत आहे त्यात दोन स्टेजच्या मध्ये आणखी चार बारीक पायऱ्या धरतात, म्हणजे तुमची क्लायंट 'सोशलाइज्ड' या एका शब्दात मावण्यापेक्षा कुठेतरी मध्ये असण्याचीच शक्यता जास्त.

आता ऐकायचं कसं. वागण्यावरून स्टेज कळत नाही, ही गोष्ट मी नव्या कोचेसना सगळ्यात आधी सांगते. "मला स्पष्ट फीडबॅक देता येत नाही" हे वाक्य मी किमान पन्नास जणांकडून ऐकलंय आणि त्यामागची कारणं अगदी वेगवेगळी निघालीत. एकाला काळजी होती की समोरचा नंतर डूख धरेल आणि आपली कामं अडवेल, म्हणजे सरळ देवाणघेवाणीचा हिशोब. दुसऱ्या एकीला समोरचा दुखावण्याचं फार नव्हतं, तिला सलत होतं की "टीममध्ये खरं बोलायचं हे मीच ठरवलं होतं आणि तीन महिने मीच ते पाळलं नाही." ती स्वतःच्याच मापाला कमी पडत होती. आणि तिसरी, जिच्याशी झालेलं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं (तपशील बदललेत).

तिच्या टीममधला एक सीनियर सतत उशिरा काम देत होता. मी विचारलं, तुम्ही त्याला सरळ सांगितलंत तर त्यात सगळ्यात जड काय जाईल? ती म्हणाली, तो दुखावेल. तो दुखावला तर तुमच्यासाठी ते काय असेल? "मग मी तशी नाही ना." तशी म्हणजे कशी? "म्हणजे... लोक म्हणतात तिच्याकडे जाऊन मोकळं बोलता येतं. मग ते राहणार नाही." मी विचारलं, समजा लोकांनी तसं म्हणणं थांबवलं, तर काय उरेल? ती हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत बसली, बराच वेळ, मी पण काही बोलले नाही. मग म्हणाली, "माहीत नाही. याचा कधी विचारच केला नाही."

ते "माहीत नाही" फार मोलाचं असतं. तिथपर्यंत ती आतून बघत होती, त्या क्षणाला पहिल्यांदा तिने तीच गोष्ट बाहेरून पाहिली. मी त्या सेशनमध्ये त्याच्या पुढे एक पाऊलही टाकलं नाही, आणि तसंच करावं असं माझं मत आहे, कारण अशा वेळी कोचला हुरूप येतो आणि तो लगेच सल्ला द्यायला लागतो आणि उघडलेली जागा परत मिटते.

प्रश्न कुठून आणायचे म्हणाल, तर केगनच्या टीमची जी सब्जेक्ट-ऑब्जेक्ट मुलाखत आहे तिच्यात दहा कार्डं असतात, त्यांवर राग, चिंता, यश, ठाम भूमिका, दुःख, द्विधा मन, हेलावून जाणं, काही गमावणं, बदल, आणि महत्त्वाचं वाटणं असे विषय. माणूस त्यातला एखादा निवडून अलीकडचा प्रसंग सांगतो आणि मग मुलाखत घेणारा हळूहळू खोदत जातो, त्यात तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय होतं, सगळ्यात वाईट काय झालं असतं. मी स्कोअरिंग करत नाही पण हे विषय सर्रास वापरते. माझा अनुभव असा की द्विधा मन आणि राग यांतून सगळ्यात जास्त कळतं, यशाबद्दल लोक बरंचसं पाठ केलेलं बोलतात.

आता स्टेज सांगायची का. माझ्याकडून झालेली चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका क्लायंटला मी कागदावर सगळ्या स्टेज काढून दाखवल्या आणि म्हटलं, मला वाटतं तुम्ही साधारण इथे आहात. त्यांना फार पटलं. पुढच्या सेशनला ते वही घेऊन आले, आठवड्यात तीन वेळा मी सेल्फ-ऑथरिंग वागलो म्हणाले, आणि तिन्ही प्रसंग वाचून दाखवले, प्रत्येक प्रसंगानंतर माझ्या चेहऱ्याकडे बघत. मला त्या दिवशी खूप बरं वाटलं होतं. दोन महिने गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आधी ते साहेबांच्या पसंतीवर जगत होते, आता माझ्या पसंतीवर जगायला लागलेत, आणि ते मी स्वतःच घडवून आणलं होतं. ज्याचा 'मी' दुसऱ्याच्या नजरेतून बनतो त्याला तुम्ही "स्वतःचं ठरवायला शिका" असं सांगितलंत, तर तो तुमचं ऐकून स्वतःचं ठरवायला लागतो. बाहेरून प्रगती दिसते, आत तीच रचना. म्हणून म्हटलं की हमखास उलटतं.

त्यामुळे तुमच्या क्लायंटला लेबल देऊ नका. तिने तिच्या शब्दांत जे सांगितलं तेच तिला परत दाखवा, "तुम्ही म्हणालात की तो नाराज झाला की तुम्ही 'तशी' राहत नाही, हे जरा बघूया का?" एवढं पुरे असतं. क्लायंट स्वतः या विषयातला असेल, किंवा स्वतःहून खोलात विचारत असेल, तर गोष्ट वेगळी, मग दोघं मिळून सिद्धांतावर बोलता येतं. आणि कोचिंगचे पैसे तिची कंपनी देत असेल तर स्टेजबद्दलचा एक शब्दही तिथे जाता कामा नये. प्रमोशनच्या वेळी "ही अजून त्या स्टेजला नाही" असं कोणीतरी म्हणायला एवढी माहिती पुरते.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ती गप्प बसते ते अर्थ लावायच्या पद्धतीमुळे की तिथे बोलणं खरोखर धोक्याचं आहे म्हणून? मागच्या वर्षी जो बोलला त्याचं प्रोजेक्ट काढून घेतलं असेल तर गप्प बसणं हे शहाणपण आहे, त्याला स्टेज म्हणणं हा त्या माणसावर अन्याय. मी एक प्रश्न विचारते: तुमची नोकरी, पगार, पद, सगळं शंभर टक्के सुरक्षित आहे असं धरा, तर उद्या बोलाल? "हो, लगेच" असं उत्तर आलं तर आधी परिस्थितीवर बोलायचं, कोणाचा आधार घ्यायचा, काय लेखी ठेवायचं, कुठे अंगावर घ्यायचं नाही. "तरी पण..." असं म्हणून ती अडखळली तर मग आतलं काहीतरी आहे.

दुसरं, नात्यांची काळजी म्हणजे सोशलाइज्ड असणं, ही गल्लत फार होते. कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या मांडणीवर कॅरल गिलिगननी 1982 मध्ये हाच आक्षेप घेतला होता, की काळजी आणि नाती यांच्या भाषेत विचार करणाऱ्याला ती मोजपट्टी आपोआप खालची जागा देते. पूर्ण सेल्फ-ऑथरिंग माणूससुद्धा "मला या नात्याला धक्का लावायचा नाही" असं म्हणू शकतो. फरक इतकाच की ते त्याने निवडलेलं असतं आणि वेळ आली तर त्याची किंमत मोजून तो दुसरं काही निवडू शकतो. तुमच्या क्लायंटचं सौजन्य तिने निवडलेलं आहे की तिला धरून बसलंय, हे अजून तुम्हाला माहीत नाही. निदान तुमच्या प्रश्नावरून तरी तसं दिसत नाही.

तिसरं, बोलकी माणसं वरची वाटतात. शब्दसंपत्ती चांगली, स्वतःबद्दल विश्लेषण करायची सवय, थोडंफार वाचन, की आपण लगेच भारावून जातो. अशाच स्टेज मोजणाऱ्या, जेन लोव्हिंजर यांच्या वाक्य पूर्ण करायच्या टेस्टबद्दलही ही अडचण माहितीतली आहे, की जास्त शब्द लिहिणाऱ्याचा स्कोअर वर जायचा कल असतो. कमी बोलणाऱ्या माणसाबाबत तर मी निष्कर्ष काढायची घाई अजिबात करत नाही.

चौथं, माणूस सगळीकडे सारखा नसतो. विकासाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कर्ट फिशर यांचं काम यासाठी मला फार उपयोगी पडलं, ते दाखवतात की आधार असताना माणूस ज्या पातळीवर विचार करतो आणि एकटा असताना ज्या पातळीवर करतो त्यात फरक पडतो. तुमच्यासमोर, शांत खोलीत, कोणीतरी नीट ऐकतंय अशा वेळी ती जे बोलते ते सोमवारच्या मीटिंगमध्ये तिच्याकडे शिल्लक असेलच असं नाही. झोप नाही, घरात आजारपण, नवीन बॉस, की सगळेच दोन पावलं मागे येतात. आणि जर ती अनेक आठवडे झोपत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर हा सगळा सिद्धांत बाजूला ठेवून तिला मानसोपचार तज्ज्ञाकडे जायला सुचवा. ते आपलं काम नाही आणि तिथे उशीर करायचा नाही.

मग सहा सेशन्समध्ये काय होऊ शकतं? स्टेज बदलत नाही, एका स्टेजवरून दुसरीवर जायला वर्षं लागतात, आणि ती बदलायलाच हवी असंही नाही. डेव्हिड रूक आणि विल्यम टॉर्बर्ट यांनी 2005 मध्ये त्यांच्या स्वतःच्या स्टेजच्या यादीनुसार मॅनेजर लोकांचे जे आकडे दिले होते त्यात आपल्या कौशल्यावर भर देणारे एक्सपर्ट 38 टक्के, ध्येय गाठण्यावर भर देणारे अचीव्हर 30 टक्के, आणि ज्यांचं सगळे कौतुक करतात ते बरेच वरच्या स्टेजचे स्ट्रॅटेजिस्ट फक्त 4 टक्के. कामं बाकीचे लोकही करतातच, आणि चांगली करतात. विचारायचं ते हे, की तिच्या आत्ताच्या कामाला जे लागतं आणि तिच्याकडे जे आहे यात किती अंतर आहे, आणि ते अंतर तिला स्वतःला टोचतंय का. तुमच्या प्रश्नात 'तिने काय मागितलं' हे कुठेच नाही, ते आधी परत जाऊन बघा.

समजा तिने स्वतःच "मला मीटिंगमध्ये बोलता यायला हवं" असं मागितलंय. मग मी केगन आणि लिसा लेही यांचा चार रकान्यांचा तक्ता घेईन. पहिल्या रकान्यात तिला काय हवंय. दुसऱ्यात त्याच्या उलट ती प्रत्यक्षात काय करते, अगदी बारीक, मान डोलावते, "नंतर मेल करते" म्हणते आणि करत नाही. तिसऱ्यात, हे करून ती काय सांभाळतेय, म्हणजे "कोणाच्याही मनातून उतरायचं नाही" हे. चौथ्यात, त्यामागे काय धरून चाललीय, उदाहरणार्थ "एकदा कोणी नाराज झालं की नातं संपलं." तिसऱ्या रकान्यावर घाई करू नका. तिथे पोटात थोडं कालवलं पाहिजे. छान छान शब्द आले तर समजा अजून वरवरचंच आहे.

चौथा रकाना सापडला की छोटी चाचणी. छोटी म्हणजे खरंच छोटी, जिथे चुकलं तरी नुकसान नाही, आणि हेतू सुधारायचा नसतो, जे धरून चाललोय ते खरं आहे का एवढंच तपासायचं. वर सांगितलेल्या माझ्या क्लायंटने एवढंच ठरवलं, की एका साध्या मीटिंगमध्ये एकदा "मला जरा वेगळं वाटतं" म्हणायचं आणि पुढचे दोन दिवस काय घडतं ते लिहून ठेवायचं. ती म्हणाली. समोरचा म्हणाला, "बरं, मग गुरुवारी बघू." झालं, विषय संपला. पण तिच्या वहीत दोन दिवस भरलेले होते, तो आज जिन्यात हसला नाही, त्याने मेलला उत्तर उशिरा दिलं, त्याने जेवायला बोलावलं नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून दुसऱ्याच कामाचं विचारायला आला. पुढचं अख्खं सेशन आम्ही त्या दोन दिवसांवर बोललो, त्याच्या नाराजीवर नाही, तिच्या वाट बघण्यावर. मला विचाराल तर खरं काम त्या सेशनमध्ये झालं.

आणि एक गोष्ट जी कोर्समध्ये फार बोलली जात नाही, यात काहीतरी जातं. सगळ्यांच्या मनात चांगलं असणं हे तिचं घर आहे, त्यातून बाहेर पडताना तिला वाईट वाटणार, कधी तुमचाच राग येणार, कधी दोन सेशन्स ती नुसती वरवरचं बोलणार. केगन म्हणतात की माणसाला वाढताना जे वातावरण लागतं त्याची तीन कामं असतात, आधी घट्ट धरणं, मग वेळ आली की सोडणं, आणि सोडल्यावरही तिथेच असणं. आपण कोच लोक दुसऱ्या कामात पटाईत असतो. तुमच्या क्लायंटला सध्या पहिलं लागेल असं मला वाटतं, म्हणजे तिची माणसं जपायची हातोटी ही तिची खरी ताकद आहे हे तिला तुमच्याकडून ऐकू आलं पाहिजे, आणि ते तुम्हाला मनापासून वाटलं पाहिजे.

टेस्टबद्दल थोडक्यात. सब्जेक्ट-ऑब्जेक्ट मुलाखत एक ते दीड तास चालते, तिचं शब्दशः टंकलेखन होतं आणि ट्रेनिंग घेतलेला माणूस ते स्कोअर करतो. तिला स्वतःला हवी असेल, रिपोर्ट फक्त तिच्या हातात जाणार असेल आणि नंतर नीट समजावून सांगणारं कोणी असेल तर जरूर करा. कोर्सच्या नोट्सवरून घरच्या घरी अंदाज बांधून तिला आकडा सांगू नका.

शेवटचं तुमच्याबद्दल, रागावू नका. "तिला पुढे न्यायचं" ही घाई कुठून येते ते एकदा बघा. माझ्या बाबतीत ती चांगली कोच दिसण्याच्या गरजेतून आली होती, क्लायंट हलला नाही तर मी कोण, म्हणजे मी पण त्याच जागेत बसले होते जिथे माझे क्लायंट बसले होते. मला सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी कोचसमोर स्वतःचं काम तपासताना, हे दिसलं. तिची परवानगी घेऊन एक सेशन रेकॉर्ड करा आणि ऐकताना तिचं बोलणं सोडून फक्त स्वतःचे प्रश्न कागदावर उतरवा. किती प्रश्न ती जिथे आहे तिथे थांबतात आणि किती तिला ढकलतात, हे तुम्हालाच मोजता येईल. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा अकरापैकी आठ ढकलणारे होते.

पुढच्या सेशनला तिला अलीकडचा एखादा प्रसंग विचारा जिथे मन दोन्हीकडे ओढलं गेलं होतं, आणि त्यावर तीन-चार प्रश्नांच्या वर जाऊ नका. दोन वाक्यांच्या मध्ये जागा ऐकू आली की नाही ते इथे येऊन लिहा, तिची ओळख पटेल असं काही न लिहिता, मग पुढचं बोलू.